आवळलेली तोंडे

ऑरिन लुंडीन यांनी ती पारदर्शक पिशवी मेलेल्या झुरळासारखी दोन बोटांत उचलली. आत तीन काडतुसे होती.

"शी! ही कुणी भरली?"

"तुमच्या जावयानं, सर," लायल म्हणाला. तो आता उपशेरीफ होता. शाळेत दोन वर्षे ऑरिन यांच्याकडे रसायनशास्त्र शिकला होता. "तीनदा सिग्नेवर पिस्तूल रोखून चाप ओढला. एकही उडालं नाही."

सिग्ने वडिलांच्या काडतुसे भरायच्या शेडच्या दारात उभी होती. हातातली कॉफी तिने प्यायलीच नव्हती.

"आता डेन्टन म्हणतो, गंमत केली. काडतुसं मुद्दाम बिघडवून भरली, बायकोला नुसतं घाबरवायचं होतं. न्यायाधीशांना पटलं तर शुक्रवारी सुटतोय."

"बाबा, तो घरीच येईल," सिग्ने म्हणाली.

ऑरिन यांनी पिशवीवर भिंग धरले. "तोंडं बघ. या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कडा नसते, त्यामुळे नळीत ती तोंडाच्या काठावर टेकते. गोळी धरून ठेवायला तो काठ जेमतेम आवळायचा. इथं सगळा आत दुमडलाय! मग टेकणार कशावर? पुंगळी खोल सरकते, पिन बुडाच्या स्फोटक टोपीला नुसती चाटून जाते. किळसवाणं काम."

"म्हणजे मुद्दामच?"

"तुला पास कुणी केलं रे?"

"तुम्हीच, सर."

"चुकलंच माझं. प्रयोगशाळेनं पिस्तुलात उरलेलं एखादं उघडून बघितलं असेल. दारू किती निघाली?"

लायलने कागद उलटला. "पूर्ण. अगदी नेमकी."

"ज्याला काडतूस उडायला नको, तो दारू तोलून कशाला भरेल? नवशिक्याला वाटतं, जितकं घट्ट तितकं पक्कं. तसलीच घाण आहे ही."

"पिस्तुलात घालण्याआधी तो एकेक काडतूस कानाशी हलवतो," सिग्ने म्हणाली. "दारू खुळखुळते का ते ऐकतो. त्या दिवशीही ऐकत होता. माझ्यासमोर."

लायलने मान खाली घालून ते लिहून घेतले.

"हे उडणार नाही, हे त्याला ठाऊक असणं शक्यच नाही," ऑरिन म्हणाले.

"शपथेवर सांगाल?"

"शब्दन् शब्द."

लायलची गाडी वळणाआड गेली. सिग्ने घरात परतली. ऑरिन यांनी पिशवी धरलेली बोटे फडक्याने दोनदा पुसली. मग काडतुसे भरायच्या प्रेसवरचे कापड काढून तोंड आवळायची डाय, म्हणजे साचा, अर्धा फेरा उलटी फिरवली आणि पांढऱ्या खुणेवर परत आणून ठेवली.

खणात त्यांनी सिग्नेच्या घरून गुपचूप बदलून आणलेला पुठ्ठ्याचा एक डबा होता. त्यावर डेन्टनच्या अक्षरात गेल्या महिन्याची तारीख होती. आतली पन्नासच्या पन्नास काडतुसे निर्दोष भरलेली होती.