भिंतीतलं बिऱ्हाड

"बुजवून टाकलं ते भोक," सासरे खुर्चीतूनच म्हणाले. "घर आहे की वारूळ?"

सून पिशवीसकट दारात थिजली. ती बाजारातून येईपर्यंत गवंडी काम उरकून गेलासुद्धा होता. घराची मागची भिंत म्हणजेच तिच्या खरबुजांच्या जाळीघराची एक बाजू. त्या भिंतीच्या फटीत बिननांगीच्या बारीक माश्यांचं बिऱ्हाड होतं. फटीच्या तोंडाशी मेणाची काडीएवढी नळी बांधून तिच्यातून त्या थेट खरबुजाच्या फुलांवर उतरायच्या. त्या घरात बिनबोभाट राबणारं दुसरं होतं कोण? जाळीतून बाहेरची माशी आत येणं शक्य नव्हतं. आता नळीच्या जागी ओलं सिमेंट होतं.

"बाबा, त्या कुणाला चावत नव्हत्या हो!"

"तेच म्हणतोय. चावायची धमक नाही, पोळ्यात वाटीभर मध नाही. माशी कसली, चिलटं ती!"

जगातली सगळी अक्कल आपल्याला जन्मतःच मिळाली, असं सासऱ्यांचं ठाम मत होतं. ऑफिसात मोठे साहेब होते. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला सून तेवढी उरली. नवरा वडिलांपुढे मान डोलावण्यापलीकडे काही शिकला नव्हता. ती छिन्नी घेऊन गेली, तर सासऱ्यांनी ती हातातून काढून घेतली. "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

मग तिने रंगाचा ब्रश घेतला. नरफुलातले पराग उचलायचे, मादीफुलात टेकवायचे. वाकून वाकून कंबर धरली. जी फुलं राहून गेली, त्यांच्याखालची कोवळी फळं पिवळी पडून गळू लागली.

"वा! सुनेलाच पंख फुटले," सासरे दारातून म्हणायचे.

दोन-तीन दिवसांत तिला तापच भरला. सासऱ्यांनी ब्रश उचलला. "आण इकडे. एवढंसं काम आणि त्याचं कौतुक केवढं!"

तिने पांघरुणातच कपाळावर हात मारला. म्हातारा आता वेली तुडवणार, फुलं मोडणार आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवणार. दुपार झाली, तरी मागून आवाज नाही. जेवायला हाक मारली, उत्तर नाही. शेवटी पुटपुटतच ती उठली.

ब्रश मातीत पडला होता. वेलांची एक ओळसुद्धा पुरी झालेली नव्हती. सासरे भिंतीपाशी गुडघे टेकून स्क्रूड्रायव्हरने सिमेंट खरवडत होते. बोटं सोलवटलेली. पांढऱ्या केसांत चार-दोन काळे ठिपके वळवळत होते. ते झटकायचंही त्यांना भान नव्हतं.

तिची चाहूल लागली, पण त्यांनी मान वळवली नाही.

"बघतेस काय नुसती? टॉर्च आण," ते खेकसले. "आत अजून जिवंत आहेत."