सारखेच दिवस

वळणीवर एक हिरवं लुगडं, पदर फाडून घेतलेला.

रिसोडची एक पोरगी, पसंत करून नंतर नाकारलेली.

पुरचुंडीत बोटाएवढी मुळी.

ताटलीत डोहाळ्यांची चिंच, न खाता मुंग्या लागलेली.

जगदेवची कुऱ्हाड, ताजी धार लावलेली.

अडतीस सालचा श्रावण. भर दुपारी पंचफुला रिठदच्या सोजरबाई सुइणीपुढे बसली होती. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, आणि पोटात चौथा महिना. भाऊ जगदेव बाजाराला गेला होता. दिवेलागणीच्या आत परतणार होता. मागच्या साली अशाच एका विधवेचं काय झालं, ते त्यानं काल जेवताना दोनदा सांगितलं होतं.

मुळी तिनं कंबरेला खोचून आणली होती. किती उगाळायची, एवढंच सोजरबाईनं सांगायचं होतं.

"नाई सांगत."

"काहून वं, सोजरमाय?"

"हे हात लेकरं बाहेर काढाचे हायेत, मारायचे नाईत. दर साली एखादी येतेच माह्या दारात. साऱ्याइले माहं हेच सांगणं."

"मंग हीर हाये जीव द्याले. दादाच्या कुऱ्हाडीपक्षा बरी."

सोजरबाईनं आत हाक मारली. आतून तिची सून गोमती पाण्याचा तांब्या घेऊन आली. लग्नानंतर सात वर्षांनी तिला दिवस गेले होते. तिच्या नवऱ्याची, शालिग्रामची, रिसोडची दुसरी सोयरीक त्यामुळंच मोडली होती. तांब्या निसटला. गोमतीनं फूल वेचावं तसा वाकून उचलला. पंचफुलाला तर उंबरा ओलांडतानाही गरगरत होतं. एकेकीला कसं सोसतं, तिला वाटलं.

"तुहे अन् इचे सारखेच दिवस," सोजरबाई म्हणाली. "सुनेच्या मदतीले म्हून तुले जगदेवपासून मागून घेईन. लुगडं ढिलं नेस. इथंच बाळंत हो. गोमतीले जुळं झालं म्हून सांगू."

"लोक इचारतीन ना?"

"जुळ्याले कोन इचारते, येडे? तूच न्हाऊ घाल. डोळ्यापुढं वाढीन लेकरू."

पंचफुलाच्या बेंबीखाली काहीतरी फडफडलं. पहिल्यांदाच.

"गोमतीबाईले चालीन?"

गोमतीनं सासूकडं पाहिलं. तिचा हात पोटाकडं गेला, कंबरेवरची गाठ चाचपून परत आला.

"चालीन," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

पंचफुलानं मुळी चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकली.

"मोठं पुन्न केलं वं माय," सोजरबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी जगदेव आला. "कुठी गेल्ती?"

"सोजरमायकडं. सुनेच्या बाळंतपणापर्यंत ऱ्हायले बलावून राह्यली."

तिच्याकडं बघत त्यानं बाजारातून धार लावून आणलेल्या कुऱ्हाडीवरून अंगठा फिरवला. मग कुऱ्हाड खुंटीला अडकवली. "जा मंग. पापभिरू बाई हाये."

हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांची पहिली वळकटी सोजरबाईनं गोमतीच्या पोटावर दोन महिने आधी, ज्येष्ठातच बांधली होती.