पोपटाला साक्षीदार

नारिंगी पोटाचा दुर्मिळ पोपट दिसल्याचं डरमट गेल्या हिवाळ्यात घसा कोरडा होईस्तोवर सांगत होता, पण पक्षीनिरीक्षकांच्या क्लबात कुणी मानलंच नाही. साक्षीदार कुठे होता? म्हणून या शनिवारी मित्रमंडळींना गाडीत कोंबून तो मेलबर्नहून थेट समुद्रकाठच्या खाजणावर आला. पोचतो न पोचतो तोच पेट्रोलपंपावरचा सॉसेज रोल बाधला आणि तो तिथल्या एकुलत्या एका झुडपाआड धावला.

बराच वेळ झाला, तेव्हा बरोबर आलेल्या ग्लेनिसनं काळजीपोटी झुडपाकडे दुर्बीण लावली. ते पाहून रस्त्यानं जाणारी पक्षीवेड्यांची एकेक गाडी थांबत गेली. बघता बघता काठावर दुर्बिणींची भिंतच उभी राहिली.

"अगं, हाकल ना त्यांना! मी उठू कसा?" डरमट फोनवर रडकुंडीला आला.

"पक्षीबिक्षी काही नाही म्हणून शंभरदा सांगितलं. एक ऐकेल तर शपथ! म्हणतात, बाईला एकटीलाच बघायचाय. थांब, आता खेकसतेच."

"नको!" डरमटचा आवाज एकदम कुजबुजीवर आला.

 

"कुणालाही जाऊ देऊ नकोस. पोपट माझ्या गुडघ्यावर बसलाय. मी झुडूप बाजूला सारतो."