पुलावरची बाबागाडी

रेल्वे चालवायच्या गेमसाठी जादा मार्ग विकत घ्यायचा होता आणि ह्यू दुपारचं जेवण झाल्यापासून निवडतच बसला होता. आल्प्सचा घाट घ्यावा, की घरामागून जाणारी वेल्समधलीच लाइन?

"घाट घे," त्याची बायको ब्रॉनवेन म्हणाली. "घरामागची गाडी फुकट दिसते की!"

"अगं, पण ती चालवायला कोण देतंय मला?" म्हणत त्याने वेल्सच्या लाइनचा नमुन्याचा व्हिडिओ लावला.

पडद्यावर त्यांच्या घरामागचाच पादचारी पूल आला. पुलावर ब्रॉनवेनसारखाच पिवळा रेनकोट घातलेली बाई, हाताशी बाबागाडी. ब्रॉनवेन दोन वर्षांच्या लेकीला, माब्लीला, रोज चारच्या गाडीला तिथे नेई. पोरीने हात हलवला की ड्रायव्हर दोनदा भोंगा वाजवी. पुलावर पोर नसलं की गाडी मुकाट निघून जाई.

"बघ, तुलाही घेतलंय!" ह्यू हसला.

बाबागाडी रिकामी होती. बाई कठड्यावरून खाली रुळांकडे बघत होती.

"परत लाव."

त्याने लावला. रिकामीच.

माब्लीला तासाभरापूर्वी तिनेच वर झोपवलं होतं. तरी ब्रॉनवेन उठली. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर असताना घरामागून चारची गाडी आली.

पुलापाशी भोंगा वाजला. दोनदा.