बरोबर उत्तरं

"पेल्याला बाहेरून पाणी कुठून आलं?"

ताईने गार पाण्याचा काचेचा पेला समोर ठेवला आणि हा प्रश्न टाकला. समोरचा माणूस गोंधळला. सकाळपासून तो या घरात तिचा धाकटा भाऊ म्हणून बसला होता, आणि इतक्या वर्षांनी परतलेल्या भावाला असं काही कुणी विचारत नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पेला फुटलेला नाही. मग बाहेर हे थेंब कसले?"

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. पण आज तिला कुणाला शिकवायचं नव्हतं. या माणसाला उघडं पाडायचं होतं.

भाऊ घर सोडून गेला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. शिलाईच्या दुकानात बसणार नाही म्हणाला, त्यावरून वडिलांशी, अण्णांशी, कडाक्याचं वाजलं, आणि तो गेला तो गेलाच. मध्ये अर्धं आयुष्य सरलं. मागे एकदा असाच एक जण 'मीच तो' म्हणत दारात उभा राहिला होता. अण्णांनी त्याला पोटाशी धरलं. आठवडा झाला नाही तोच तो अण्णांचं शिलाई मशीन घेऊन पसार झाला. मशीनचं काही नाही, पण अण्णांनी तेव्हा जे अंथरूण धरलं ते पुरतं सुटलंच नाही. असा आणखी एक धक्का त्यांना सोसवला नसता.

आणि आज अण्णा पुन्हा विरघळले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांनी या माणसाच्या खांद्यावरून आपला शिंप्याचा हात फिरवला आणि म्हणाले, "हा खांदा माझ्या मापातला आहे." ताईला हसावं की रडावं कळेना. पोरवयातला खांदा आणि चाळिशी ओलांडलेला खांदा एकच असतो होय?

त्याच्या कपाळावर भावासारखाच व्रण होता. आईचं नाव, दुकानातलं मांजर, शाळेतली भांडणं, सगळं तो अचूक सांगत होता. पण ते गल्लीत कुणालाही ठाऊक होतं. गल्लीने ते आधीच्या भामट्यालाही हौसेने पुरवलं होतं.

गल्लीला ठाऊक नसलेली एकच गोष्ट होती. आई गेल्यावर अण्णा संध्याकाळी दोन्ही पोरांना घेऊन गच्चीवर बसायचे आणि त्यांना शास्त्र शिकवायचे. स्वतः चार बुकं शिकलेले, पण अडायचे म्हणून नाहीत. काचेलाही कापडासारखी वीण असते, तिच्यातून पाणी झिरपतं. लोखंड रेशमाच्या जातीचं म्हणून गार लागतं, लाकूड सुती म्हणून उबदार. सगळं ठाम आणि सगळं चूक. ताईला ते कॉलेजात गेल्यावर कळलं. तिने अण्णांना कधी सांगितलं नाही, आणि बाहेर तर कुणापाशीच बोलली नाही. बापाचं हसं कशाला करायचं?

खरा भाऊ असेल तर त्याच्या तोंडून अण्णांचीच उत्तरं यायला हवी होती.

"हवेत वाफ असते," तो माणूस पेल्याकडे बघत म्हणाला. "गार काचेला लागून तिचं पाणी होतं."

ताईने ओठ आवळले.

"लोखंडी खुर्ची लाकडी खुर्चीपेक्षा गार का लागते?"

"गार नसतेच ती. दोन्ही सारख्याच असतात. लोखंड अंगातली ऊब भराभर ओढून घेतं, एवढंच."

पोपटासारखा बोलतोय, तिच्या मनात आलं. हा आधीच्यापेक्षा पोचलेला दिसतो. तिने उठून त्याची पिशवी उचलली आणि दाराशी नेऊन ठेवली. त्याने ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"शेवटचं सांग," ती दारातूनच म्हणाली. "आभाळ निळं का दिसतं?"

या प्रश्नाचं अण्णांचं उत्तर भावाचं सगळ्यात आवडतं होतं. ओल्या कापडाचा रंग शेजारच्या कापडाला लागतो, तसा समुद्राचा रंग आभाळाला लागतो. अण्णांकडून तो ते पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचा आणि मग टाळ्या पिटायचा. बाकी सगळं विसरला असता, पण हे नाही.

त्याने पेल्यावरचे थेंब बोटाने पुसले.

"सूर्याचा उजेड हवेत विखुरतो," तो म्हणाला. "त्यातला निळा जास्त विखुरतो. म्हणून."

झालं. ताईने कडी काढली.

"ऊठ. अण्णांना मी सांगेन काय ते. तू नीघ."

तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णांची हाक आली. "काय गं, कसलं शास्त्र चाललंय दोघांचं? मलाही ऐकू दे की!"

तो माणूस दचकून उठला. आतल्या दाराकडे एकदा बघून घाईघाईने तिच्याजवळ आला आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल ना ताई, त्यांच्या कानावर जाईल. त्यांच्यासाठी आभाळाला समुद्राचाच रंग लागलेला राहू दे."