नीरजाचा अनंत

अनंताच्या शेंड्याकडची पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या होत्या. इंदुमतीला ते गॅलरीच्या दारातूनच दिसलं. ती चहा गाळायला आत वळली.

संहिता कुंडीपाशी उकिडवी बसली होती. सतरा वर्षांची पोर, पण उठल्यावर तोंड धुवायच्या आधी अनंताला पाणी घालायची. तो तिच्या आईने लावलेला. नीरजा जाऊन चार वर्षं झाली होती, इंदुमती समीरशी लग्न करून या घरात आली त्याला दीड. तरी विजय नगरच्या या फ्लॅटमधली गॅलरी अजून नीरजाचीच होती. समीर पेपर घेऊन तिथेच बसायचा. मधूनच कुंडीच्या काठावर हात ठेवायचा. गेल्या उन्हाळ्यात झाड फुललं तेव्हा बापलेक दिवसभर हळू आवाजात बोलत होते, आणि फुलांचा वास आत येऊ नये म्हणून इंदुमतीने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मावशी, जरा बाहेर या ना."

संहिता तिला मावशी म्हणायची, अहोजाहो करायची, आणि कधी काही मागायची नाही. इंदुमती हात पुसत बाहेर आली.

"हे बघा. आता तर कळ्यापण गळून राहिल्या. मी सब करून पाहिलं. अंड्याची टरफलं वाटून टाकली, केळ्याची सालं टाकली, सरसोंची पेंड टाकली. दर हफ्त्याला कुछ ना कुछ टाकतेच. तरी पिवळाच पडतोय." पोरीचा आवाज चिरकला. "बाबा म्हणाले, मावशी माती तपासायच्या लॅबमध्ये आहेत, त्यांना विचार. मरेल का हा?"

इंदुमती वाकली. चिमूटभर माती बोटांत चुरली. देपालपूरकडचे शेतकरी तिच्याकडे पिशव्यांत माती बांधून आणायचे, आणि पानं कशी दिसतात एवढं ऐकूनच ती अर्धं निदान करायची. इथे तर सगळं समोर होतं. बोअरचं जड पाणी, त्यावर टरफलांचा चुना. अनंताला लागणारी मातीतली आम्लता पार गेली होती. लोह मातीतच होतं, पण मुळांना ते उचलता येत नव्हतं. टरफलं बंद करायची, वरची माती काढून पालापाचोळ्याचं खत भरायचं, एसीतून ठिबकणारं पाणी घालायचं, वर लोहासाठी चिमूटभर हिराकस. महिन्याभरात नवी पानं हिरवी आली असती.

एवढंच सांगायचं होतं.

"आईच्या हातचं आता हेच आहे," संहिता म्हणाली. एका पानावरची धूळ तिने बोटाने इतकी हळुवार पुसली की इंदुमतीला ते बघवेना.

"राख घाल," ती म्हणाली. आवाज अगदी लॅबमधल्यासारखा निघाला. "लाकडाची. चांगली दोन-तीन मुठी."

"बस, राख?" पोरीचा चेहरा उजळला. "खाली चौकीदारभियाच्या चुलीत असते, आत्ता आणते!" उठता उठता तिने इंदुमतीच्या खांद्यावर हात दाबला. "थँक्यू मावशी. फालतूमध्येच इतके दिवस तुम्हाला विचारायला घाबरत होते."

जिन्यात चपला वाजत गेल्या. इंदुमती झाडापाशी एकटी राहिली. राखेतही चुनाच, पण तिने झाड काही एका दिवसात जात नाही, ती मनाशी म्हणाली. हळूहळू जाईल. उन्हाने गेलं म्हणतील सगळे. मग इथे आपण मोगरा लावू. खांद्यावर पोरीचा हात पडला होता ती जागा मात्र काही केल्या गप्प बसेना.

संहिता डब्यात राख घेऊन धापा टाकत आली. खाली बसली आणि बुंध्याभोवती गोल करत एक मूठ पसरली. "बरोबर ना?" दुसरी मूठ पसरली. मग तिसरी भरून तिने वर पाहिलं. लहान मूल शाळेत बाईंकडे बघतं तसं.

"अजून?"

"थांब." इंदुमतीने तिचं मनगट धरलं. राख फरशीवर सांडली. ती गुडघ्यांवर बसली आणि नुसत्या बोटांनी राख मातीसकट खरवडून काढू लागली.

"अरे, काय झालं?"

"राखेने आणखी बिघडेल ते. मी चुकीचं सांगितलं."

"माहीत नव्हतं तुम्हाला?"

नव्हतं म्हणता आलं असतं. पोरीने वाटच मोकळी करून दिली होती.

"माहीत होतं."

खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.

"आईचा आहे म्हणून?"

इंदुमती खरवडत राहिली. संहिता ताडकन उठून आत गेली. आता ही बापाला हाक मारणार, इंदुमतीला वाटलं. पण ती जुना पेपर घेऊन परत आली, तो फरशीवर अंथरला आणि समोर बसली. ओठ घट्ट मिटलेले.

"आता खरं सांगा. काय करायचं?"

इंदुमतीने सगळं सांगितलं. टरफलं, पाणी, खत, हिराकस. दोघी राख पेपरवर काढू लागल्या.

समीर चहाचा कप घेऊन दारात आला. "हे काय? गॅलरीभर राख!"

"माझ्याकडून जास्त पडली, बाबा," संहिता मान वर न करता म्हणाली. "मावशींनी वेळेवर पाहिलं."

"बरं झालं," म्हणून तो आत गेला.

इंदुमतीचे डोळे भरून आले. पुसायला हात उचलला, तर तो मनगटापर्यंत माखलेला, दुसराही तसाच. संहिताने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर परत कुंडीत वळवली.

"अजून थोडी राहिलीय," ती म्हणाली. "बुंध्यापाशी."