जुन्या कार्डावरची आगगाडी

"नवीन घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला. संगणकाच्या कॅबिनेटचं झाकण पुरतं उघडलंही नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वीचं यंत्र दिसलं की हे दोन शब्द त्याच्या तोंडून आपोआप सुटत.

"नवीनच घ्यायचं असतं तर हे धूड पडद्यासकट चाकांच्या पिशवीतून इथवर ओढत कशाला आणलं असतं?" समोर उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

त्याने वायरी जोडल्या.

त्यावरचा बंद पडलेला खेळ आगगाडीचा होता. रूळ टाकायचे, सिग्नल लावायचे आणि गाड्या एकमेकींवर न आदळता पोचवायच्या. काकूंच्या यजमानांना त्याचा भारी नाद. टेलिफोनच्या कार्यालयात पस्तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, हातही बराचसा परतला, उमेद तेवढी परतली नाही. त्यात महिन्यापूर्वी खेळाचं अपडेट आलं आणि खेळही सुरू होईना.

"एकदाच बटण दाबलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "पडदा काळा. मग चौकट आली, 'हे ग्राफिक्स कार्ड चालणार नाही.' ती वाचून म्हणाले, 'बघ, मी आणि हा, दोघंही भंगारात.' तेव्हापासून खुर्चीतून उठतात ते जेवणापुरते." त्यांनी चष्मा पदराला पुसला. "म्हणून म्हणते, हा खेळ याच यंत्रावर सुरू होऊ शकतो की नाही, ते मला पक्कं कळायला हवं. होणार नसेल तर तोंडावर सांगा. गोडगोड बोलू नका."

दुरुस्तीवाल्याला पहिल्यांदाच जरा लाज वाटली. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

पहिला दिवस त्या चौकटीनेच खाल्ला. पडद्यावर चित्र उमटवणारं ते कार्ड बिचारं ठणठणीत होतं. अपडेटने त्याचा जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला कामाला लावणारी प्रणाली, काढून भलताच बसवला होता. जुना शोधून बसवल्यावर ती चौकट गेली आणि दुसरी आली. एक फाइल सापडत नाही म्हणे.

"म्हणजे बिघडलं?" काकूंनी विचारलं.

"नाही हो काकू, सुधारलं! तक्रार बदलली म्हणजे गाडी पुढे सरकली."

काकूंनी ते वाक्य वहीत उतरवलं. त्या सगळंच उतरवत होत्या. कुठलं बटण, कुठली चौकट, आधी काय केलं, मग काय. वर प्रश्नांची फैर. "हे तुम्हाला कशावरून कळलं? दुसऱ्या कुणाला कळलं असतं? हात जरा हळू चालणाऱ्या जाणकाराला किती वेळ लागेल?"

"काकू, दुकान टाकायचा विचार आहे की काय?"

"टाकलं तर तुमच्यासमोरच टाकीन."

तो हसला, पण मनातून थक्क झाला होता. त्याच्या दुकानात येणारी माणसं यंत्र टाकून पळत आणि फोनवर ओरडत. ही सत्तरीची बाई मात्र दिवसभर स्टुलावर ताठ बसून, आपल्याला न कळणारी गोष्ट नेटाने समजून घेत होती.

दुसऱ्या दिवशी ती फाइल मिळाली. खेळाने तोंड उघडलं, शिट्टी वाजली, आणि पडदा मात्र काळाच्या काळा. दुपारपर्यंत त्याने डोकं आपटलं. मग त्याचा धीर सुटला. खणातून त्याने एक बरं कार्ड काढलं.

"काकू, हे पडूनच आहे. बसवतो, दोन मिनिटांत खेळ सुरू. काकांना कळणारही नाही."

"त्यांना?" काकू ताडकन उठल्या. "झाकण न उघडता कार्डाच्या पंख्याच्या आवाजावरून ओळखतील ते. ठेवा ते खणात. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे जाते."

हे मात्र त्याला झोंबलं. जमत नसेल म्हणजे काय? त्याने बाही वर सारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी उलगडा झाला. नव्या अपडेटने पडद्याचं माप भलतंच मोठं धरलं होतं. जुन्या पडद्याला तो घास मोठा होत होता. सेटिंगच्या फाइलमधले दोन आकडे बदलायचे, बस्स. त्याने ते बदलले आणि श्वास रोखून बटण दाबलं.

डोंगर दिसले. पूल दिसला. लाल इंजिन धूर सोडत स्टेशनात शिरलं.

"आली! आली!" काकूंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत दुरुस्तीवाल्याने शेकडो यंत्रं सुरू करून दिली असतील, पण असं कुणी टाळ्या वाजवलेलं त्याला आठवत नव्हतं.

"जिंकलो की हो काकू! याच कार्डावर, याच पडद्यावर. आणि खरं सांगू? जिंकलात तुम्ही. मी तर पहिल्याच मिनिटाला हात वर केले होते. आता घरी न्या आणि काकांना खुर्चीतून उठवा."

"उठतील," काकू म्हणाल्या. "पण आधी मला सांगा, यात तुमच्या दुकानातलं काही बसवलंत का? काहीही?"

"शपथ! एक स्क्रूसुद्धा नाही. सगळं डोक्याचं काम."

"म्हणजे घरी बसून जमण्यासारखं."

"जाणकार असेल तर नक्की."

काकूंनी डोळे पुसले. मग वही उघडून त्याच्यासमोर ठेवली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत म्हणाल्या, "मग आता हे तिन्ही बिघाड होते तसेच परत घालून द्या. न सुटणारं काही त्यांच्या हाती द्यायचं नव्हतं मला. दुरुस्त आमचे हे करतील."